१७६ रिबिनी

सोमवार, रात्रीचे साडेदहा

कालच्या डोंगरवाटेच्या शर्यतीत पळणाऱ्यांना वाट कळावी म्हणून बांधलेल्या रिबिनी धुऊन गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातल्यात. आत्ता तिसऱ्यांदा मोजल्या. १७६.

कापल्या होत्या १८०. उरलेल्या चार माझ्या कमरेच्या पाउचमध्ये निघाल्या, रबरबँडमध्ये अडकवलेल्या, कोऱ्या करकरीत. म्हणजे हिशेब जुळला, एकही हरवली नाही. हिशेब जुळला म्हणूनच झोप येत नाहीये.

पुन्हा मांडून बघते. पायवाट ८ किलोमीटर, तिथे दर १०० मीटरला एक, झाल्या ८०. गाडीवाट आणि बांध मिळून ६ किलोमीटर, तिथे २५० मीटरला एक पुरते, झाल्या २४. फाटे १५, प्रत्येकाला ५, झाल्या ७५. एकूण १७९. हातात एक राहायला हवी होती. राहिल्या चार. म्हणजे अकराव्या फाट्यावरच्या तीन मी बांधल्याच नाहीत.

आणि काल तिथे लोक वाट चुकल्यावर पाण्याच्या टेबलापाशी सगळ्यांसमोर मी म्हणाले, "गुराख्यांची पोरं काढतात हो रिबिनी, दर वेळचंच आहे."

फाट्याला पाच का लागतात, हे दर वर्षी नव्या मुलांना मीच समजावते. एक फाट्याच्या १५ मीटर आधी, म्हणजे पळणारा सावध होतो. दोन वळणावरच, बरोबर वाटेच्या बाजूला, एकाखाली एक. मग पुढे १० मीटरवर एक आणि ३० मीटरवर एक, त्या खात्रीच्या. खात्रीची दिसली नाही की माणसाच्या पायात शंका शिरते, आणि शिरायलाच हवी. अकराव्या फाट्यावर मी आधीची एक बांधली आणि एक बांधली दोन वाटांच्या मधल्या झाडाला. मधल्या झाडाची रिबीन काहीच सांगत नाही. डावीकडच्यालाही ती आपली वाटते, उजवीकडच्यालाही.

शिवाय तिथे डावी वाट रुंद आहे. ती गुरांची, ओढ्यावर पाण्याला जाणारी. गुरांची वाट माणसांच्या वाटेपेक्षा नेहमी जास्त मळलेली असते, त्यामुळे अनोळखी पाय तिकडेच वळतात. आपली वाट उजवीकडे कारवीच्या झुडपांत शिरते, दहा पावलांवरूनही दिसत नाही. त्यातून तो उतार. उतारावर नजर पुढच्या तीन-चार मीटरवर खिळलेली असते, दगड बघायचा की झाड बघायचं? म्हणून उतारावरची रिबीन कमरेच्या उंचीवर बांधायची आणि चढावरची डोळ्यांच्या. साडेसातला उन्ह समोरून येतं, तेव्हा नारिंगी कापड काळपट दिसतं. सगळं माहीत होतं मला. वर फक्कीची आडवी रेघही मारली होती डाव्या वाटेवर, पण शनिवारी संध्याकाळी मारलेली फक्की रात्रभराच्या दवात बसून जाते. ती पहाटे मारायची असते. नाहीतर सरळ एक फांदी तोंडावर आडवी टाकायची.

नऊ जण ओढ्यापर्यंत गेले. ६०० मीटर खाली आणि तेवढेच वर. पहिला चुकला आणि बाकीचे त्याच्या पाठीवरचा नंबर बघत गेले. २०० मीटर रिबीन दिसली नाही तर शेवटच्या रिबिनीपाशी परत यायचं, हे पावणेसहाला सांगितलं होतं, पण पावणेसहाला सगळे पिना लावत असतात नाहीतर बुटांच्या नाड्या आवळत. त्यांत वहिनीही होत्या, त्यांचा कट-ऑफ, म्हणजे शर्यत संपवायची मुदत, त्याच्यातच हुकला. तीन तास सहा मिनिटं. त्या काही बोलल्या नाहीत. ते राहू दे.

तो पोरगा मात्र जात नाही डोळ्यांपुढून.

कॅनशेजारीच उभा होता. पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन मामांच्या बरोबर खालून दोन खेपा केल्या होत्या त्याने. मी बोलले तेव्हा माझं लक्षही नव्हतं त्याच्याकडे, ओआरएसची पुडी फोडत होते, लिटरला एक. मान वर केली तर त्याने हाफपँटचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले होते. दोन गोट्या. सुतळीचा तुकडा. बिस्किटाच्या पुड्याचा घडी घातलेला कागद. कुणी काही विचारलं नव्हतं त्याला. खिशांची पांढरी अस्तरं तशीच बाहेर ठेवून तो उभा राहिला. मी घाईघाईने केळं पुढे केलं. त्याने घेतलं, आणि थोड्या वेळाने पाहिलं तर ते टेबलावर मीठ लावलेल्या बटाट्यांच्या ताटलीशेजारी ठेवलेलं होतं.

शुक्रवारी रात्री एकपर्यंत कापड कापत बसले होते. ३० बाय ३ सेंटिमीटर, सुती, कारण प्लास्टिकची पट्टी शेळीच्या पोटात गेली तर तिथेच राहते. शनिवारी १४ किलोमीटर बांधत चालायला पाच तास लागले. रविवारी साडेतीनला उठले. ६४ माणसं आली, पळाली, घरी गेली. एका माणसाने तरी विचारलं का, बाकीचे चौदा फाटे कसे काय बरोबर लागले? वर न चढता पायथ्यानेच जाणारी वाट ठरवताना किती बोलणी खाल्ली होती मी. अंजनेरीचं पठार हवंच होतं सगळ्यांना. ते २०१७ पासून संवर्धन राखीव आहे, कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत, अंजनेरीच्याच नावाची कंदीलपुष्पाची जात त्या गवतात आहे. ६४ जोड बूट तिथे न्यायचे नसतात, एवढं मी धरून ठेवलं. त्याचं कुणाला काही नाही, बोलायचं ते फक्त अकराव्या फाट्याबद्दल.

हे लिहिलं आणि वाचलं. फाट्याबद्दल खरं तर कुणीच बोललेलं नाही. मीच बोलतेय.

काय झालं ते आता आठवतंय. अकराव्यापाशीच फोन आला, वीस लिटरचे जार आणणारा टेम्पो उद्या येणार नाही म्हणून. बोलत बोलत पुढे गेले. कानाला एक हात, एका हातात रिबिनींची जुडी, ती पाउचमध्ये कोंबली आणि चेन लावली. बाराव्यापाशी नवी जुडी काढली. दहा-दहाच्या जुड्या करायच्या त्या याचसाठी की एक संपल्याशिवाय दुसरी उघडायची नाही. आणि फोन आला तर जिथे आहोत तिथेच थांबायचं, किंवा घ्यायचाच नाही.

पहाटेची तपासणी तरी काय झाली? दादा पाचलाच निघाले होते, पूर्ण वाट बघून "ओके" म्हणाले. दादांना ती वाट झोपेतही येते. त्यांचे पाय कारवीत आपोआप वळले असणार, रिबीन आहे की नाही ते त्यांना दिसलंच नसणार. वाट माहीत असलेल्या माणसाला न बांधलेली रिबीन दिसत नाही. तपासायला नवखा माणूस पाठवायला हवा, आणि तो अडेल तिथे त्याला काही सांगायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. हे इतकी वर्षं सुचलं कसं नाही?

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला एवढी माणसं रात्रभर चालतात, कित्येक अनवाणी. तिथे रिबीन नसते. पुढे माणूस असतो, मागे माणूस असतो. आपल्याकडे दोन माणसांत अर्धा किलोमीटर पडतो, म्हणून तर ही कापडं. या वाटा ज्या पोरांच्या रोजच्या पायाखालच्या, त्यांच्यावरच मी ती काढल्याचा आळ घेतला. काढायची असती तर १७९ बांधल्यात समजून मी निर्धास्त घरी झोपले होते तेव्हा काढली असती. एकही काढली नाही. स्वीपर, म्हणजे सगळ्यांच्या मागून येणाऱ्या ताईने शेवटच्या माणसामागून चालत सुरगाठी सोडल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली, तेव्हा म्हणालीही होती, "या वेळी सगळ्या जागच्या जागी सापडल्या गं." मी ऐकून घेतलं फक्त.

पावणेबारा झालेत. ग्रुपवर लिहून टाकलं: अकराव्या फाट्यावरच्या तीन रिबिनी माझ्याकडून बांधायच्या राहिल्या, कुणीही काढलेल्या नाहीत, टेबलापाशी मी बोलले ते चूक होतं. वहिनींचं नाव यादीत वेळेसकट घालतेय, १ किलोमीटर २०० मीटर जास्तीचं धरून. दादांचा लगेच अंगठा आला. वहिनींनी लिहिलं, "ओढा छान होता. झोप आता." हायसं वाटलं थोडं. चूक कागदावर आली की निदान तिला आकार येतो: तीन रिबिनी, एक फोन, एक वाक्य. पहिल्या दोन पुढच्या वेळी टाळता येतील. वाक्याचं काय करायचं ते ग्रुपवर लिहून होत नाही, तो पोरगा ग्रुपवर नाही.

संध्याकाळी मामांना फोन केला होता, कॅन पोचले का विचारायला, म्हणजे तसं निमित्त काढून. पोरगं कुठंय म्हटलं. गुरं घेऊन गेलाय म्हणाले, शाळेतून आल्यावर जातो. बोलायला देऊ का आल्यावर, असंही म्हणाले. मी नको म्हटलं. हे फोनवर बोलायचं नाही.

शनिवारी सकाळची शाळा असते. अकराला सुटते. इथून स्कूटीवर तास धरला तरी दहाला निघालं की पुरे.