कोल्हापूर ते तिरुपती विमानानं: अंतर, लागणारा वेळ आणि जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

आई आणि मावशीला बालाजीला न्यायचं होतं, दोघींचे गुडघे दुखतात, म्हणून हरिप्रिया एक्सप्रेस सोडून कोल्हापूरहून थेट विमानानं गेलो. रेल्वेनं मिरज, बेळगाव, हुबळी, गुंतकल असं करत वीस तासांच्या वर जातात, वयस्कर माणसांना ते झेपत नाही.

आता अंतराचं बघा. नेटवर शोधलं की सरळ रेषेत साधारण ६५० किमी येतं, ते बरोबर आहे, पण सोबत पन्नास मिनिटं वगैरे वेळ दिसते तिच्यावर प्लॅन करू नका, तो नुसता अंतराला वेगानं भागून काढलेला आकडा असतो. विमान रनवेपर्यंत जाणार, वर चढणार, उतरायच्या आधी वेग कमी करणार, हे सगळं धरून छोटं जेट असेल तर सव्वा तासाच्या आसपास धरा आणि पंख्याचं एटीआर असेल तर दीड तासाच्या पुढंच, कारण त्याचा वेगच ताशी ५०० किमीच्या आसपास. त्यामुळे तिकीट काढताना विमान कुठलं आहे ते बघायचंच. आणि फ्लाइट कुठल्या वारी आहे तेपण, वेळापत्रक बदलत राहतं.

खरा वेळ जमिनीवर जातो. आपलं विमानतळ उजळाईवाडीला, कोल्हापूरपासून दहा किमीच्या आत, ते सोपं. पण तिकडं विमानतळ रेणिगुंट्याला, तिथून तिरुपती गाव पंधराएक किमी आणि मग वर तिरुमलाचा घाट वीसएक किमी, त्यात घाटाच्या पायथ्याशी अलिपिरीला सगळ्यांना उतरवून सामान तपासतात (तंबाखू, गुटखा खिशात नको, वर बंदी आहे). म्हणजे विमान उतरल्यापासून वर पोचेपर्यंत दोन-अडीच तास हाताशी ठेवा आणि दर्शनाचा स्लॉट त्याच दिवशीचा घेऊच नका. ३०० रुपयांचं दर्शन तिकीट आधी मिळवायचं, मग विमानाचं, उलट केलंत तर दोन्ही जुळत नाहीत. ते देवस्थानच्या साइटवर काही महिने आधीच सुटतं आणि पटापट संपतं. पुरुषांना धोतर किंवा पायजमा, बायकांना साडी किंवा ओढणीसकट ड्रेस लागतो.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, छोट्या विमानतळावर शिडीनं चढायला लागतं आणि ऐनवेळी सांगितलं तर धावपळ होते.

येताना विमानात तेलुगू मंडळी बरीच होती, सगळी अंबाबाईला निघालेली. बालाजीनंतर अंबाबाई केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही असं मानतात आणि नवरात्रात तिरुपतीहून देवीला शालू येतो, त्यामुळे ही फ्लाइट दोन्हीकडच्या लोकांना हवी आहे, ती कायम चालू राहावी असं मनापासून वाटतं. त्यांच्यापैकी कुणी विचारलं तर सांगा, उजळाईवाडीहून मंदिराकडं रिक्षा, टॅक्सी दोन्ही मिळतात, भाडं आधी ठरवून बसायचं, आणि शुक्रवारी किंवा सणाला रांग मोठी असते म्हणून सकाळी लवकर जायचं.