दर्यापूरची पांदण, चिखलदऱ्याचा घाट आणि स्वस्तातला बंपर

सोयाबीन निघायच्या दिवसांत खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काळ्या मातीच्या भागात, गाडी घालू नये, हे दर्यापूरकडचं कोणीही सांगेल. परतीच्या पावसाचं पाणी वावरात उभं असतं आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गुडघाभर झालेल्या असतात. आम्ही मुद्दामच तेव्हा गेलो. गाडीला लावलेलं सामान कोरड्या डांबरावर तपासून काय कळणार? मार्ग असा: नागपूरहून अमरावती, मग दर्यापूरच्या आसपासच्या पांदणी (वावरांमधल्या कच्च्या वाटा), तिथून अंजनगाव सुर्जीवरून परतवाडा, वर चिखलदरा आणि पुढे सेमाडोह, हरिसाल, धारणी. गाड्या तीन. माझी जुनी सीआरडीई (डिझेल इंजिनाची) थार, हिला अमरावतीत बनवून घेतलेला लोखंडी बंपर. मित्राची जिप्सी, पुढे पाईपचा चकचकीत गार्ड. आणि मावसभावाची नवी थार, बंपर कंपनीचाच.

अमरावतीपर्यंतच्या चौपदरी रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. खरी गोष्ट पांदणीत सुरू होते. पूर्णेच्या खोऱ्यातली ही काळी माती कोरडी असली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ओली झाली की फुगते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. मग टायर कितीही महागाचा असो, त्याचा गुळगुळीत रूळ होतो. चाकं चाकोरीत खाली जातात आणि गाडी पोटावर बसते. एकदा बसली की नुसतं वजन ओढायचं नसतं, मातीने धरलेली पकडही सोडवायची असते. एक टनाच्या जिप्सीलासुद्धा त्यामुळे चांगला दणका लागतो.

जिप्सी बसलीच. शेजारच्या वावरात मळणी चालू होती, तिथला ट्रॅक्टर आला. चालकाने साखळी हातात घेऊन गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "साखळी कायले लावू भाऊ? हा पाईप धरंल का?" मित्र चेसिसचा हुक दाखवायला खाली वाकेपर्यंत साखळी गार्डच्या कमानीत अडकली होती. ट्रॅक्टरने ताण घेतला, कमान हळूच पुढे आली, डाव्या बाजूचा वेल्डिंगचा टाका सुटला आणि गार्ड तिरका होऊन लोंबला. साखळी सोडवून, चिखलात हात घालून ती हुकाला लावली, तेव्हा गाडी निघाली. सुटलेली पट्टी पाहिली तर पाईप जेमतेम दीड एमएमचा आणि जोडाला पूर्ण वेल्डिंगच नाही, वरच्या अंगाने दोन ठिपके. मागची बाजू कोरी.

विदर्भात बंपर घेताना मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. इथे अडल्यावर सोबतची दुसरी थार येत नाही, ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरवाला जे पहिलं दिसेल त्याला साखळी घालतो आणि त्यात त्याची काही चूक नाही. म्हणून ओढायची जागा लांबून दिसली पाहिजे, चिखलाच्या वर असली पाहिजे आणि थेट चेसिसला धरलेली असली पाहिजे. बाकी बंपर कसा दिसतो हा नंतरचा प्रश्न. बऱ्याच गाड्यांना कंपनीने दिलेला टोइंग आय (ओढायचा कडा) हा रस्त्यावर बंद पडलेली गाडी ओढून नेण्यापुरता असतो. चिखलातल्या झटक्याला तो तुटला तर गोळीसारखा उडतो. ओढताना माणसं दोराच्या लांबीएवढी लांब उभी करा, पोरांना आधी हाकला.

आता बनवून कुठे घ्यायचा. अॅक्सेसरीच्या दुकानात थारचे तयार लोखंडी बंपर साधारण पंधरा ते तीस हजारांत मिळतात. काही चांगले असतात, बरेच नुसते दाखवायचे. माझा सल्ला, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा वेल्डर गाठा. ग्रिल-गेटवाला नको. ट्रॉलीवाल्याला ओढ, वजन आणि चेसिस कळते. त्याचा हुक रोज कापसाच्या गाठी ओढतो. अमरावती, अकोला, परतवाडा, कुठेही असा माणूस सापडतो. तो किलोवर भाव लावतो, मजुरी वेगळी. तयार बंपरपेक्षा खर्च बराच कमी येतो, फक्त त्याच्यापाशी बसून राहावं लागतं.

बसून राहायचं कारण, ट्रॉलीवाल्याला हात आखडता घेता येत नाही. आमच्या वेल्डरने सुरुवातच केली, "पाच एमएमचा पत्रा टाकू भाऊ, जिंदगीभर वाकत नाही." तीन एमएमच्या एक चौरस मीटर पत्र्याचं वजन साडेतेवीस किलो, पाच एमएमचं एकोणचाळीस. हे वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकणार असतं. जुन्या थारला पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे पिळाचे दांडे) आहेत, ते थोडे आवळून गाडी उचलता येते, पण फार आवळले की पुढचं सस्पेन्शन दगड होतं. जड नाकाची गाडी काळ्या मातीत आधी नाक खुपसते, हेडलाइटचा झोतही बदलतो. म्हणून अंगाचा पत्रा तीन एमएम, आणि चेसिसला लागणाऱ्या दोन पाट्या मात्र दहा एमएम. शॅकलचा (दोर अडकवायच्या यू आकाराच्या कडीचा) कान या पाटीलाच आतून बाहेर आलेला हवा, बंपरच्या पत्र्यावर वरून चिकटवलेला नको. पाऊण इंची शॅकल घ्या, त्यावर ४.७५ टन असं कोरलेलं असतं. काहीच कोरलेलं नसेल तर तो दुकानात परत. बोल्ट ८.८ ग्रेडचे, डोक्यावर आकडा बघून.

तयार बंपर घेणार असाल तर दुकानात एकच काम करा, मागून हात फिरवा. पुढून पावडर कोटिंगखाली सगळं सारखं दिसतं. मागे सलग वेल्डिंग बोटाला लागतं का, की मध्ये मध्ये पोकळ आहे, ते लगेच कळतं. आणि टेप घेऊन जा. विंच (दोर झाडाला बांधून अडलेली गाडी ओढून काढणारं मोटारीचं यंत्र) आज घ्यायची नसली तरी तिच्या पाटीवरची भोकं दहा बाय साडेचार इंचांवर आहेत का ते मोजा; आठ ते बारा हजार पाउंडांच्या बहुतेक विंचना हेच माप चालतं. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढणारी विंच पुरते, म्हणजे दोन टनांच्या थारला आठ हजार पाउंड भरपूर झाले. शक्यतो सिंथेटिक दोराची घ्या, स्टीलच्या तारेपेक्षा दहा-बारा किलो वाचतात. खरं सांगायचं तर जिथे ओढायला झाडच नाही अशा खारपाणपट्ट्यात विंचपेक्षा चांगला दोर आणि ट्रॅक्टरवाल्याचा नंबर जास्त कामाचा.

चिखलदऱ्याचा घाट चढताना तिघांचाही फरक दिसला नाही, रस्ता पक्का आहे. फरक दिसला तो सेमाडोहच्या अलीकडे थांबलो तेव्हा. पांदणीतल्या उंच गवताची कुसळं जिप्सीच्या रेडिएटरच्या जाळीत अशी बसली होती की बोटाने एक ओढली तर दहा तुटत होती. गार्डवरचे दोन मोठे लाइट बरोबर ग्रिलसमोर होते, त्यामुळे उरलेल्या जागेतूनही हवा कमीच. ऑक्टोबरात हे निभतं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे असतो, तेव्हा हाच बंपर इंजिन तापवेल. बंपरची वरची कड ग्रिलच्या खाली राहिली पाहिजे, ग्रिलसमोर पत्रा, लाइट, कॅन काहीही नको. कुसळांसाठी मागून बारीक जाळी लावा आणि ती काढता येईल अशी ठेवा.

रोही (नीलगाय) आणि रानडुकरासाठी गार्ड हवा, असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. मोठा रोही दोनशे किलोच्या वर भरतो. ऐंशीच्या वेगात तो आडवा आला तर पाईपचा गार्ड त्याला अडवत नाही, स्वतः आत येतो आणि धक्का चेसिसला देतो. रात्री धुऱ्यावरून डोळे चमकले की चाळीसवर या, याला दुसरा उपाय नाही.

आणि कायदा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली तो बदल बसत नाही म्हणून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजारांचा भुर्दंड आहे, आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. पूर्ण बंपर बदलणं हाही बदलच, नुसता "गार्ड नाही" म्हणून सुटका होत नाही. त्यामुळे आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला कळवा. मावसभावाच्या नव्या थारला एअरबॅग आहेत, आणि धडक किती जोराची हे सेन्सर गाडीचा वेग किती झटक्यात कमी होतो यावरून ओळखतात, आणि तो झटका पुढचा भाग कसा चेपतो यावर ठरतो. तिथे कडक लोखंड बसवलं की एअरबॅग कधी उघडेल याचा भरवसा नाही. त्याला मी सरळ सांगितलं, बंपरला हात लावू नको. फक्त चेसिसचे ओढायचे हुक आणि खालची स्किड प्लेट (इंजिनखालचा संरक्षक पत्रा) कर. तेवढ्यावरच त्याचा सगळा प्रवास झाला, आणि नव्या थारचा पुढचा चढाईचा कोन ४१.८ अंश असल्यामुळे नाल्याच्या काठाला बंपर टेकलाही नाही. जुन्या थारला एअरबॅग नाहीत म्हणून माझा निर्णय सोपा होता. ज्यांना आहेत त्यांनी स्वस्त-महागचा हिशोबच करू नये.

लोखंडी बंपर केलाच तर नंबर प्लेटची जागा आधी ठरवा. विंचच्या दोराचं तोंड नेमकं तिथे येतं आणि मग प्लेट कुठेतरी वाकडी लटकते. इंडिकेटर आणि हॉर्नही झाकू नका.

मागून येणाऱ्यांसाठी थोडं: मेळघाटात डांबर सोडून खाली उतरू नका, ती वनजमीन आहे आणि तिथे ऑफरोडिंगची हौस म्हणजे गुन्हा. चिखलातली मजा पांदणीतच, तीही वावरवाल्याला विचारून. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर अर्धा तास थांबला तर त्याचं खरंच नुकसान होतं, डिझेलचे पैसे मागायची वेळ त्याच्यावर आणू नका. परतवाड्यात टाकी भरून घ्या. धारणीला पोचलो की मी बंपरचे बोल्ट पाना लावून बघतो. या वेळी उजवीकडचा एक पाव फेरा ढिला होता. प्रत्येक बोल्टवर पेंटने रेघ मारून ठेवली की सुटलेला बोल्ट वाकून लगेच दिसतो. आणि खारपाणपट्ट्याची माती घरी येईपर्यंत बंपरच्या मागे ठेवू नका. ती क्षारांची आहे, ओली राहिली की वेल्डिंगच्या कडेने गंज धरतो, म्हणून वॉशिंग सेंटरवर पाइपचं तोंड आधी मागच्या बाजूला लावायला सांगा.