सीपॅपचा वारा आणि पोटातला गुबारा

सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, घेताना दुकानदार मास्क दाखवतो, नळी कशी जोडायची ते दाखवतो, पाण्याची टाकी रोज धुवा म्हणून बजावतो. ही हवा पोटातही जाऊ शकते, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. नवीन मशीन लावलेल्या आणि सकाळी पोट धरून बसलेल्या माणसांसाठी हे लिहितोय.

झोपेच्या तपासणीत माझा एएचआय ३८ आला होता. म्हणजे झोपेत दर तासाला सरासरी ३८ वेळा श्वास थांबत होता किंवा अगदी उथळ होत होता. ३० च्या वर गेला की तीव्र प्रकार. घोरणं आमच्या घरात पिढीजात, त्याचं कुणाला काही वाटत नाही; पण नाशिक-पुणे रस्त्यावर स्टिअरिंगवर डुलकी यायला लागली तेव्हा बायकोनेच डॉक्टर गाठले. मशीन आलं आणि पहिल्याच आठवड्यात दुपारची पेंग गेली, डोकं हलकं झालं. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी मशीन माळ्यावर टाकू नये.

त्याच आठवड्यात पोटात गुबारा धरायला लागला. उठलो की पोट टणक, पँटचं बटण लागेना, ढेकरांमागून ढेकर. नंतर तासभर वारा सरत राहायचा. यात लाजण्यासारखं काय आहे? गंमत म्हणजे त्याला वास नव्हता. तेव्हा ते नुसतं सुदैव वाटलं. खरं तर तोच पहिला पुरावा होता.

आईचं निदान तयारच होतं. "वात झालाय तुला. रात्री बटाटा नको, हरभऱ्याची डाळ तर मुळीच नको." ओवा आणि काळं मीठ सुरू झालं, ताकाला हिंग लागला, कडधान्यांच्या उसळी बंद झाल्या, रात्री मुगाची खिचडी. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या पोटापायी सगळं घर पथ्यावर आलंय." पोट तसंच. मशीन देणाऱ्याकडच्या तंत्रज्ञाला फोन केला, तर तो म्हणाला, "होईल सर सवय."

मग एका रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आलीच नाही. त्या दिवशी मावशीकडे वालाचं बिरडं भरपूर जेवून आलो होतो. सकाळी पोट सपाट! झोपेचा बोऱ्या वाजला होता, डोकं दुखत होतं, पण गॅसचं नाव नाही. वालाला जे जमलं नाही ते मशीन रोज रात्री करत होतं, हे मग आईनेही मान्य केलं.

डॉक्टरांनी मशीनमधलं कार्ड संगणकाला लावलं आणि रात्रभराचा आलेख माझ्यासमोर उघडला. हवेचा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. माझं मशीन आपोआप दाब कमी-जास्त करणारं आहे आणि ते ४ ते २० या पूर्ण पल्ल्यावर तसंच सोडून दिलं होतं. पहाटे मी उताणा झालो की घसा जास्त मिटायचा आणि मशीन दाब वाढवत १४-१५ पर्यंत न्यायचं.

त्यांनी पुढे जे समजावलं ते मला सगळ्यात उपयोगी वाटलं. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. निरोगी माणसात ते साधारण १० ते ३० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने मिटलेलं असतं, म्हणजे पाण्याच्या हिशेबात जवळपास १३ ते ४० सेंटिमीटर. त्यामुळे १० सेंटिमीटरच्या हवेने ते सहसा ढकललं जात नाही. पण आपण आवंढा गिळतो तेव्हा ते उघडतं. ज्याला आम्लपित्ताचा त्रास आहे त्याचं कडं मुळात सैल असू शकतं, किंवा गिळल्याशिवायही मधूनच उघडतं. "छातीत जळजळ होते का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. होते की, कित्येक वर्षं. गुलाबी औषधाची बाटली कायम उशाशी असते. पण घोरण्याच्या डॉक्टरांना जळजळ सांगायची असते हे कुणाच्या डोक्यात येईल!

वासाचंही कोडं सुटलं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि आतडं तो फारसा शोषत नाही. आत गेलेल्या हवेला वरून किंवा खालून बाहेर पडावंच लागतं. वास येतो तो मोठ्या आतड्यात जिवाणू अन्न आंबवतात त्या वायूंना. म्हणजे ओवा आणि हिंग बिचारे भलत्याच शत्रूशी लढत होते.

त्यांनी सगळे उपाय एकदम केले नाहीत, कशाने फरक पडतो ते कळावं म्हणून. आधी दाब: वरची मर्यादा ११, खालची ६. खालची का वाढवली? ४ वर सुरुवातीला हवा अपुरी वाटते आणि माणूस नकळत गटागटा हवा गिळतो. श्वास सोडताना दाब थोडा उतरवण्याची सोयही चालू केली. एका मित्राने व्हिडिओ पाठवला होता, मशीनचा दाब बदलायचा, तंत्रज्ञांसाठी लपवलेला मेनू कसा उघडायचा त्याचा. डॉक्टरांना दाखवला, तर ते हसले. "गॅस जावा म्हणून मनानेच ७ वर आणलंत, तर घसा पुन्हा मिटेल. मग हा चाळीस हजारांचा पंखा."

गॅस निम्म्याने कमी झाला. मग आम्लपित्ताची गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी. रात्रीचं जेवण लवकर. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. जास्तीच्या उशा नकोत, कारण हनुवटी छातीला टेकून घसा आणखी दबतो आणि पोटही दुमडतं. नाकासाठी फवारा, कारण नाक चोंदलं की तोंड उघडतं, घसा कोरडा पडतो आणि आवंढे वाढतात.

सगळ्यात जड गेलं ते डाव्या कुशीवर झोपणं. कुशीवर दाब कमी लागतो आणि डाव्या कुशीवर आम्लही कमी वर येतं, हे पटलं होतं. पण वळलो की नळी ओढली जायची, मास्क गालावरून उचलला जायचा आणि हवा थेट डोळ्यात. शेवटी पलंगाच्या वर भिंतीत एक हूक ठोकला आणि नळी त्यावरून सोडली. हा एका वळणदार खिळ्याचा उपाय इतर अर्ध्या उपायांपेक्षा जास्त कामाचा निघाला, असं माझं मत.

मशीन लावल्यावर ३८ वरून २ वर आलेला माझा एएचआय वरची मर्यादा बांधल्यावर ४ च्या आसपास गेला. मी घाबरलो. डॉक्टरांचं म्हणणं, ५ च्या खाली आहे, दिवसा झोप येत नाही, रक्तदाब ठीक आहे, तेव्हा पोटासाठी एवढी तडजोड चालेल. याने भागलं नसतं तर श्वास घेताना एक आणि सोडताना दुसरा दाब देणारं मशीन होतंच. त्याची किंमत ऐकून मी विषय बदलला. पोट असह्य दुखलं, उलट्या झाल्या किंवा वारा सरणंच थांबलं तर मात्र वाट न पाहता दवाखान्यात या, हेही त्यांनी बजावलंय.

अजूनही सर्दी झाली की चार-दोन सकाळी पोट फुगतं. उठून कोमट पाणी पितो, सोसायटीत दोन चकरा मारतो, नाश्त्यापर्यंत मोकळं होतं. उसळी परत सुरू झाल्या आहेत. मधल्या काळात वजनही उतरलंय. पुढच्या महिन्यात कार्ड पुन्हा दाखवायचंय, ११ चे १० होतात का ते बघायला.