जुनी आरएक्स १०० घ्यावी का?

यामाहा आरएक्स १०० मॉडेलच्या दोन जुन्या मोटरसायकली सध्या माझ्या नजरेत आहेत. त्यांपैकी एखादी घ्यावी की हा नादच सोडून द्यावा, याचा निर्णय या महिन्यात करायचा आहे. पहिली पुण्यातली, नव्याने रंगवलेली, क्रोम लखलखणारी आणि १ लाख ६० हजार रुपये किमतीची. दुसरी सातारा जिल्ह्यातली, १९९३ सालची, रंग विटलेली, टाकीला पोचे पडलेली आणि मालकाच्या मुलाने ७५ हजार सांगितलेली. घरच्यांसकट सगळ्यांचा कौल पहिलीकडे आहे, माझा मात्र दुसरीकडे आहे, आणि तो केवळ पैशांच्या हिशेबावरून नाही.

एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने १९८५ ते १९९६ या काळात ही गाडी बनवली. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती, चार गिअर आणि शंभर किलोच्या आसपासचे वजन, एवढेच तिचे भांडवल. पण एवढ्या हलक्या गाडीला एवढी ताकद मिळाल्यावर काय होते, हे ज्यांनी तिच्यावर कॉलेजची वर्षे काढली त्यांना वेगळे सांगायला नको. मला स्वतःला तिच्या वेगाचे फारसे अप्रूप उरलेले नाही, कारण आजची कोणतीही दीडशे सीसीची गाडी तिच्याइतकीच पळते आणि तिच्यापेक्षा कितीतरी चांगली थांबते. मला ओढ आहे ती त्या इंजिनाच्या सुटसुटीतपणाची. त्यात आजच्या इंजिनांसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरमधली दारे उघडतो आणि मिटतो. एका शनिवारी खोलून रविवारी जोडता येईल असे इंजिन आता बाजारात नवीन मिळत नाही.

इंजिन सुटसुटीत असले, तरी त्याची तपासणी तितकी सोपी नसते. गाडी बघायला जाताना मालकाला आधी बजावून ठेवावे लागते, की मी येईपर्यंत किक मारू नका. पोचल्यावर प्रथम सिलिंडरला हात लावून पाहावा. तो कोमट लागला, तर थंड इंजिन सुरू होताना काय करते हे आपल्याला दिसू नये अशी व्यवस्था कोणीतरी केली आहे, असे समजायला हरकत नाही. सुरुवातीला धूर येणारच, टू-स्ट्रोकमध्ये ऑइल जळतेच. प्रश्न असतो तो पाच-दहा मिनिटांनंतरही तो तितकाच दाट राहतो का, याचा. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन बाजूंना दोन ऑइल सील असतात आणि जुन्या गाडीचे भवितव्य बऱ्याच अंशी त्या रबरी कड्यांवर ठरते. गिअरबॉक्सकडचे सील गेले, की गिअर ऑइल क्रँककेसमध्ये ओढले जाऊन जळते, धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी गुपचूप घटत जाते. मॅग्नेटकडचे, म्हणजे वीज तयार होते त्या बाजूचे, सील गेले, तर धूर दिसत नाही, पण बाहेरची हवा आत शिरून पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते, इंजिन ॲक्सिलरेटर सोडल्यावरही उगाच चढ्या आवाजात राहते आणि एखाद्या लांबच्या प्रवासात पिस्टन जाम होतो. धूर सगळ्यांनाच दिसतो. हे दुसरे दुखणे जास्त महागात पडते.

पिस्टन पूर्वी कधी जाम झाला होता का, हे पाहण्याची एक सोय टू-स्ट्रोकमध्येच आहे. सायलेन्सर सिलिंडरजवळून सोडवला, की एक्झॉस्टच्या तोंडातून थेट पिस्टन दिसतो. साताऱ्याच्या गाडीचा सायलेन्सर मालकाच्या मुलाने स्वतःच्या हाताने काढून दिला. आम्ही बॅटरीचा प्रकाश आत टाकला आणि किक हाताने हळूहळू दाबत पिस्टन वरखाली केला. काजळी भरपूर होती. पण फडक्याने पुसल्यावर पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे दिसले नाहीत आणि पिस्टनच्या रिंगा खोबणीत मोकळ्या हलत होत्या. पुण्याच्या विक्रेत्याने मात्र ‘नवीन गॅस्केट टाकलंय, आता खोलत नाही’ असे म्हणून विषय संपवला. त्याचे म्हणणे खरे असेलही, पण दीड लाखावर रुपये मोजणाऱ्याने एका गॅस्केटसाठी डोळे मिटून घ्यावेत, हे मला पटले नाही.

त्या रंगकामाबद्दलही थोडे सांगायला हवे. चेसिस पावडर कोटिंग केलेली होती आणि तो थर हँडलखालच्या चेसिस नंबरातही भरला होता, इतका की एक आकडा तीन आहे की आठ, हे नखाने खरवडूनही कळेना. आरएक्स १०० च्या नंबराची सुरुवात ‘१एल१’ अशी असते आणि पुढचे सगळे आकडे आरसी बुकाशी व सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवरच्या नोंदीशी तंतोतंत जुळावे लागतात. या गाडीची मागणी इतकी वाढली आहे, की आरएक्स १३५ चे सुटे भाग लावून उभ्या केलेल्या गाड्या, बदललेली इंजिने आणि चोरीचा मालही बाजारात फिरतो. त्यामुळे वाचता न येणारा नंबर ही माझ्यालेखी तिथल्या तिथे नकाराची बाब आहे. इंजिन बिघडले तर ब्लॉक बोअर करून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन टाकता येतो, क्रँकला नवा कनेक्टिंग रॉड बसवता येतो. कागदांवर असा इलाज चालत नाही.

कागदांच्या बाबतीत साताऱ्याची गाडीही निर्दोष नाही. आरसी वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे, तेही जुन्या पुस्तिकेच्या स्वरूपात. म्हणजे आधी मूळ आरटीओत तिची बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या कागदी नोंदीची ऑनलाइन भर, ‘वाहन’वर व्हायला हवी, मग नमुना ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडून ती मुलाच्या नावावर व्हायला हवी, आणि त्यानंतर नमुना २९ व ३० वर ती माझ्या नावावर येणार. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी गाडी समक्ष दाखवून, पर्यावरण कर भरून ती वाढवून घ्यावी लागते. ते चुकले असेल, तर विलंबाची रक्कम साचलेली असते. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट तर १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्याच गाड्यांना लागते.

‘विंटेज म्हणून नोंदवून टाक की’ असे एका मित्राने सुचवले, पण २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी असावी लागते, त्यामुळे कोणतीही आरएक्स १०० आज त्यात बसत नाही. बसली असती तरी तो मार्ग मी घेतला नसता, कारण तशा गाड्या रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायला परवानगी नसते.

पीयूसीची मला वाटत होती तितकी अडचण नाही. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाक्यांसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९००० पीपीएम आहे, आणि नीट जुळवलेला कार्बोरेटर असला तर ती पाळता येते. गाडी प्रदूषण करते, हे मात्र यावरून खोटे ठरत नाही. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो, ती त्या रचनेचीच खोड आहे. म्हणून रोज ऑफिसला जाण्यासाठी ही गाडी वापरायची नाही, हे मी घेण्याआधीच ठरवून टाकले आहे.

आता पंपावर मिळणारे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोलही विचारात घ्यावे लागते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, जुने रबर फुगवते, आणि आतून गंजलेल्या टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिले तर कार्बोरेटरची जेट हमखास चोंदतात. त्यामुळे इंधनाच्या नळ्या आणि कार्बोरेटरचे किट बदलणे हा खर्च मी किमतीतच धरला आहे. टूटी ऑइलचा, म्हणजे पेट्रोलबरोबर इंजिनात जाऊन जळणाऱ्या ऑइलचा, पंप चालू आहे. तो बंद करून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणारे बरेच जण आहेत, पण पंप ठीक असताना तसे करण्यात मला अर्थ दिसत नाही. फक्त एक सवय लावून घ्यावी लागेल. हा पंप ॲक्सिलरेटरच्या केबलला जोडलेला असल्यामुळे खंबाटकीसारखा घाट गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर बंद ठेवून उतरत राहिलो, तर इंजिन फिरते पण त्याला ऑइल कमी मिळते. अधूनमधून ॲक्सिलरेटर द्यावा लागतो आणि सगळी भिस्त दोन ड्रम ब्रेकांवर राहते, जे आजच्या वाहतुकीत मला खरोखर धास्ती वाटायला लावणारे एकमेव कारण आहे.

पुण्याच्या विक्रेत्याला मी नाही कळवले आहे. साताऱ्याच्या गाडीसाठी मालकाच्या मुलाला पाच हजार रुपये विसार देऊ केला आहे. अट एवढीच, की बॅकलॉग नोंद आणि वारसाच्या नावावरचे हस्तांतर त्याने करून घ्यावे, त्याचे सरकारी शुल्क मी भरीन, आणि दिवाळीपर्यंत ते झाले नाही तर विसार परत मिळावा. ‘बाबांच्या नावावरून काढायची म्हणजे आईला विचारायला हवं,’ असे तो म्हणाला, ते रास्तच आहे. रंगाला मी हात लावणार नाही. दोन्ही ऑइल सील, क्लच प्लेट, ब्रेक शू आणि टायर एवढ्याची यादी आमच्या मिस्त्रींना देऊन ठेवली आहे, आणि अस्सल सील मिळतात का, याची चौकशी त्यांनी सुरूही केली आहे.