घरी मराठी बोलतात, मग वर्ग कशाला?

तुम्ही विचारलेत म्हणून सांगते. मुले घरी दिवसभर मराठीच बोलतात, शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची आहे, मग शाळा सुटल्यावर मराठी वाचायला-लिहायला वेगळा वर्ग कशाला, असे बेळगावातले आणि विशेषतः आमच्या वडगावातले पालक मला नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण मूल आधीच थकून आलेले असते.

माझ्याकडे येणारी तिसरीतली एक मुलगी कन्नड माध्यमात शिकते. तिने कन्नडचा धडा मला घडाघडा वाचून दाखवला. कन्नड लिपी बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते, त्यामुळे अक्षरे बसली की वाचन धावू लागते. पण धड्यात काय झाले असे विचारल्यावर ती गप्प राहिली. मग मराठी उतारा दिला. ‘आजीने विळीवर भाजी चिरली’ हे वाक्य तिने अडखळत ‘विहिरीवर भाजी चिरली’ असे वाचले आणि मी काही बोलण्याआधीच थांबून म्हणाली, “विहिरीवर भाजी कशी चिरतील ओ टीचर?” पुन्हा बोट ठेवून तिने अक्षरे पाहिली आणि ‘विळी’ शोधून काढली. अर्थ जुळला नाही म्हणून मागे फिरणे, यालाच मी वाचन म्हणते, आणि ही सवय ज्या भाषेत मूल विचार करते त्या भाषेत आधी लागते. नंतर ती कन्नड पुस्तक वाचतानाही थांबून शब्दाचा अर्थ विचारू लागली. कन्नड मागे पडेल ही भीती म्हणूनच मला वाटत नाही. या जिल्ह्यात ती भाषा मुलांना उत्तम आलीच पाहिजे.

लेखनाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ‘सूर्य’ लिहिताना अनेक मुले रफार ‘य’च्या डोक्यावर न देता ‘य’च्या पुढे काढतात. हा निष्काळजीपणा नव्हे. कन्नडात या जागी ‘र’ची खूण पुढच्या अक्षरानंतर येते, आणि इतर जोडाक्षरांत पहिले अक्षर पूर्ण राहून दुसरे त्याच्या खाली जाते, तर मराठीत बहुधा पहिलेच अर्धे होते. मूल एका लिपीची रीत दुसरीत घेऊन आलेले असते. अशा वेळी लाल शाईची फुली मारण्यापेक्षा दोन्ही लिप्यांतला तोच शब्द शेजारीशेजारी लिहून दाखवला, की फरक ते स्वतःच बोटाने दाखवते. शाळेत भरलेल्या वर्गापुढे शिक्षकांना एकेका मुलाजवळ एवढे बसता येत नाही. आमच्याकडे प्रत्येकाला रोज पाच मिनिटे मोठ्याने वाचायला आणि ते ऐकणारे एक माणूस मिळते. एवढ्यासाठीच हा वर्ग आहे.

वडगावात घरोघरी माग चालत आले आहेत, म्हणून लिहायला मी घरातलेच विषय देते. त्याच मुलीने परवा कांडीबद्दल, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळलेल्या नळीबद्दल, लिहिले: ‘आई कांडी भरते. कांडी संपली की माग थांबतो. मग बाबा हाक मारतात आणि आई भाकरी तव्यावर ठेवून जाते.’ ‘तव्यावर’ हा शब्द तिने दोनदा खोडून बरोबर लिहिला होता. ‘धोटा’, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारे साधन, हा शब्द कसा लिहायचा, हे विचारायला ती उठून माझ्याजवळ आली. तो शब्द तिने रोज ऐकला होता, पण लिहिलेला कुठेच पाहिला नव्हता.

घरी तुम्हाला काही करायचे असेल, तर मूल वाचताना चुकले की लगेच दुरुस्त करू नका. वाक्य संपेपर्यंत थांबा आणि ते स्वतः मागे फिरते का, तेवढे पाहा.