मुक्तांबाळच्या शोधात तंजावर

ऐतिहासिक प्रेमकथा लिहायची ठरवली, तेव्हा नायक हाताशी होता. तंजावरच्या भोसले घराण्यातले दुसरे सरफोजी राजे. 1777चा जन्म, तुळजाजींनी दत्तक घेतलेलं पोर, मद्रासेत मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली शिकलेला तरुण, 1798मध्ये गादीवर. पुढच्याच वर्षीच्या तहात राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांकडे उरला किल्ला नि तनखा. नायिका मात्र नुसत्या नावापुरतीच माहीत होती. मुक्तांबाळ. राजांची प्रिया, लग्नाची राणी नव्हे. तिच्यासाठीच मी तंजावरला गेले.

पहिला मुक्काम अर्थातच सरस्वती महाल ग्रंथालय. हस्तलिखितं पाहायची तर आधी अर्ज आणि परवानगी लागते, पण शेजारचं संग्रहालय कुणालाही पाहता येतं. तिथे राजांनी करवून घेतलेली नेत्ररुग्णांची टिपणं मांडली आहेत. प्रत्येक रोग्याच्या डोळ्याचं रंगीत चित्र, बुबुळावरचा पडदा, पांढऱ्या भागातल्या लाल शिरा, सगळं बारकाईने काढलेलं. हे कागद मुक्तांबाळच्या नंतरच्या काळातले आहेत, तरी मी त्यांच्यापुढून लवकर हलले नाही. इतकं निरखून बघायची सवय असलेला माणूस प्रेमात पडला की समोरचीकडे कसा बघत असेल? माझा नायक मला तिथे सापडला. पुस्तकांवरच्या त्याच्या इंग्रजी सह्या, 1805चा देवनागरी छापखाना, जगाच्या भूगोलावर मराठीत रचलेली ‘देवेंद्र कुरवंजी’ नृत्यनाटिका, हे सगळं वाचून माहीत होतं. पण कादंबरीला स्वभाव लागतो, आणि तो त्या डोळ्यांच्या चित्रांनी दिला.

बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला आहे, 1803 सालचा. तमिळ मुलखात, चोळांच्या देवळात, आपली अक्षरं ओळीमागून ओळ वाचताना ऊर भरून येतो. दुपारच्या उन्हात पायाखालचा दगड इतका तापला होता की मोजे घालूनही उभं राहवेना, तरी हलावंसं वाटेना. पण ही भिंत घराण्याची. मुक्तांबाळला शोधायची ही जागाच नव्हे.

तिची जागा ओरत्तनाडूला आहे. तंजावरहून पट्टुकोट्टईच्या वाटेवर, भाताची खाचरं नि नारळाच्या बागा मागे टाकत बस तिथे पोचते. तिथलं मुक्तांबाळ छत्र 1802चं. आख्यायिका अशी की शेवटच्या आजारात राजांनी तिची इच्छा विचारली, तेव्हा तिने आपल्या नावाने अन्नछत्र मागितलं. वास्तू ऐसपैस आहे, चौक, लाकडी खांब, वरच्या मजल्याच्या जाड तुळया. जोत्याला रथाचं रूप दिलेलं, दगडी चाकं नि घोडे. एका घोड्याच्या आयाळीचे पीळ अजून बोटांना लागतात. बराच काळ इथे शाळकरी मुलं राहिली, शिकली. पडझड झालेले कोपरे बघून जीव तुटतो.

तंजावरच्या छत्रांत काय चालायचं हे कळतं ते सरफोजींनी 1801च्या सुमाराला कंपनीच्या रेसिडेंटला, म्हणजे दरबारातल्या तिच्या प्रतिनिधीला, लिहिलेल्या पत्रातून. रामेश्वरच्या वाटेवरचे यात्रेकरू, कुठल्याही जातीचे, येतील त्यांना शिजवलेला भात. तो थेट मध्यरात्रीपर्यंत, आणि मग घंटा वाजवून कुणी उपाशी राहिलं असेल तर बोलवायचं. आजाऱ्याला वैद्य, तान्ह्या मुलाला दूध, वाटेत मेलेल्याचे त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार. छत्रांचा कारभार आपल्याच हाती राहावा म्हणून राजा हे सारं तपशीलवार मांडतो आहे. राज्य गेल्याला दोन-तीन वर्षंसुद्धा झालेली नाहीत.

हे पत्र आणि ती आख्यायिका शेजारी ठेवली, तेव्हा माझी कादंबरी उभी राहिली. तंजावरची कितीतरी छत्रं घराण्यातल्या बायकांच्या नावाची. नीडामंगलमचं यमुनांबाळ छत्र त्यातलंच. ज्या बाईला वंशावळीत जागा नाही, ती मरताना त्या नावांच्या रांगेत उभी राहते. आणि मागते काय, तर राजाच्या मुठीत खरोखर उरलेली एकच सत्ता, भुकेल्याला जेवू घालण्याची. तिला त्याचं दुःख पुरतं कळलं होतं, असं मी मानते. मला यापेक्षा मोठा शृंगार लिहिता येणार नाही, आणि लिहायचाही नाही.

घरी आल्यावर आधी लिहिलेली प्रकरणं बाजूला ठेवली. त्यांत महाल फार होते, झुंबरं फार होती, चांदण्यातल्या भेटीही. आता पहिलं प्रकरण मुदपाकखान्यात सुरू होतं. तिचं रूप, तिचं बालपण, दोघांची पहिली भेट हे मला कल्पनेनेच रचावं लागेल, आणि ते कल्पित आहे हे प्रस्तावनेत स्पष्ट लिहीन. पण साल, तह, पत्र, छत्र यांना धक्का लावायचा नाही. तमिळ विद्यापीठाने तंजावरच्या मोडी कागदांची तमिळ भाषांतरं छापली आहेत. ती वाचायला तमिळ जाणणारी एक मैत्रीण तयार झाली आहे. रोज संध्याकाळी आम्ही थोडी थोडी पानं घेऊन बसतो. धान्य, तूप, सरपण, कुणाला किती दिलं, असलं काही आलं की ती थांबते आणि मी लिहून घेते.