तीन खेळ खेळलेला कोच

मंगळवार, रात्री

आज दिवसभर डोक्यात अमेरिकेतले बास्केटबॉल कोच क्लॅरेन्स गेन्सच आहेत. बास्केटबॉलवाले त्यांना बिगहाउस म्हणतात, उंची सहा फूट तीन इंच, वजन 120 किलोच्या आसपास, बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट कॉलेजला शिकायला गेले तेव्हा तिथल्याच कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं.

मॉर्गनमध्ये ते मुळात फुटबॉलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, टॅकल म्हणजे समोरच्यांना अंगाने अडवणाऱ्या धिप्पाड खेळाडूच्या जागी खेळायचे, पण बास्केटबॉलच्या टीममध्येही होते आणि ट्रॅकवरही. आणि हे सगळं करून डिग्री केमिस्ट्रीची! पुढे डेंटिस्ट व्हायचं मनात होतं. 1945 ला पास झाले, कोच एडवर्ड हर्ट यांच्या सांगण्यावरून नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलम टीचर्स कॉलेजला असिस्टंट म्हणून गेले, तेही थोड्या दिवसांपुरतं. वर्षभरात तिथले हेड कोच सोडून गेले आणि 23 वर्षांच्या या पोराच्या गळ्यात फुटबॉल, बास्केटबॉल, खेळाडूंची दुखणीखुपणी, तिकिटांचा हिशोब असं सगळंच आलं. आपल्या शाळेतले पीटीचे सर असायचे ना, खो-खोची टीम तेच नेणार, मैदानावर फक्कीपण तेच मारणार आणि गुडघा फुटला की औषधपण तेच लावणार, अगदी तसं.

फुटबॉल त्यांनी 1949 ला सोडलं. बास्केटबॉल मात्र 1993 पर्यंत, 47 वर्षं, एकाच कॉलेजात. 828 मॅचेस जिंकल्या, रिटायर झाले तेव्हा त्यांच्यापुढे फक्त केंटकी युनिव्हर्सिटीचे कोच एडॉल्फ रप होते.

पण मला 828 पेक्षा दुसरे आकडे जास्त आवडतात. फिलाडेल्फियाचा अर्ल मन्रो त्यांच्याकडे आला तेव्हा पहिल्या वर्षी त्याची सरासरी मॅचमागे 7.1 पॉइंट्स, मग 23.2, मग 29.8 आणि शेवटच्या वर्षी 41.5. मी हे चार आकडे कितीतरी वेळ बघत बसले. पहिल्या वर्षी सात पॉइंट्सवाल्या पोराला आजचे किती कोच धरून ठेवतील? त्या 1967 च्या सीझनला टीम 31 जिंकली, एकच हरली, फायनलला मन्रोने 40 पॉइंट्स मारले आणि 77-74 ने एनसीएएची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेची, कॉलेज डिव्हिजन (लहान कॉलेजांच्या गटाची) चॅम्पियनशिप घेतली. काळ्या विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या कॉलेजने बास्केटबॉलमध्ये एनसीएएचं टायटल घेतल्याची ती पहिली वेळ.

आणि त्याच्या काही वर्षं आधी तर त्याच गावातल्या वेक फॉरेस्ट कॉलेजच्या गोऱ्या पोरांशी यांची ऑफिशियल मॅच होऊच शकत नव्हती. वेक फॉरेस्टचा खेळाडू बिली पॅकर गेन्सच्या टीमची मॅच बघायला गेला, त्यांच्या क्लिओ हिलचा खेळ बघून थक्क झाला आणि मग दोन्हीकडची पोरं गुपचूप एकत्र खेळायला लागली, कुठे नोंद नाही, प्रेक्षक नाहीत. हा हिल 1961 ला एनबीए या अमेरिकेतल्या प्रोफेशनल लीगच्या खेळाडू निवडीत पहिल्याच राउंडमध्ये निवडला गेला. त्या बंद जिममधला खेळ बघायला मी काहीही दिलं असतं.

मला तरी वाटतं की गेन्सना एवढी वर्षं पोरं कळत राहिली कारण ते स्वतः एका खेळात अडकलेले नव्हते. टॅकलला कुठे लागतं, धावणाऱ्याचा दम कधी संपतो, हे त्यांना स्वतःच्या अंगावरून माहीत होतं.

आमच्या लेकीला क्लबमधून निरोप आलाय की आता बारा वर्षांची झालीस, हँडबॉल सोड, फक्त बास्केटबॉलवर लक्ष दे. ती दोन दिवस गप्प गप्पच आहे. मी आत्ताच तिच्या बाबांना सांगितलं, ती दोन्ही खेळणार, आणि शनिवारी क्लबमध्ये जाऊन मी स्वतः बोलणार आहे.